सहा तासांचं सरकार

बाबांच्या नोकरीपायी १९८२ साली आम्ही केनियात, नैरोबीत होतो, पार्कलँड्स भागात. विषुववृत्त जवळ, आणि ऑगस्टात अंगात स्वेटर! शहर साडेपाच हजार फुटांवर आहे, हे बाबा सांगायचे; मुंबईच्या मुलांना ते पटत नसे.

१ ऑगस्टच्या रविवारी पहाटे गोळीबार झाला. बाबांनी रेडिओ लावला. निवेदक लेनर्ड माम्बो म्बोटेलाचा रोजचाच आवाज. सांगत होता, की राष्ट्राध्यक्ष मोईंचं सरकार गेलं, सत्ता सैन्याकडे आली. ते त्याच्याकडून बंदुकीच्या धाकाने वदवून घेतलं होतं, हे नंतर कळलं. मी थक्क. सरकार बदलायचं तर भिंती रंगवाव्या लागतात, भोंगे लावून जीप फिरवाव्या लागतात; १९८० सालच्या निवडणुकीत दादरला मी तेच पाहिलं होतं. इथे जूनमध्येच घटनादुरुस्ती होऊन देशात एकच पक्ष उरला होता. भिंती रंगवायच्या तरी कुणी?

बंडाचा म्होरक्या हेझेकाया ओचुका हवाई दलातला सीनियर प्रायव्हेट, म्हणजे जवळजवळ तळाच्या पायरीवरचा शिपाई. जेमतेम सहा तास तो देशाचा धनी होता.

त्या सहा तासांत दुकानं फुटली, त्यांत आपल्या लोकांची कितीतरी. आमच्या फाटकासमोरून एकजण तीन कोट एकावर एक चढवून, घामाघूम होऊन चालला होता. मला हसू फुटलं, आईने खिडकीतून मागे ओढलं. काही घरांत लुटीहून भयंकर घडलं. मोठी माणसं ते आमच्यासमोर बोलत नसत.

शेजारच्या गुजराती काकी युगांडातून आलेल्या. १९७२ साली तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला होता. त्या शांतपणे आईला म्हणाल्या, "पहेला पासपोर्ट. दागिना पछी." आईने पासपोर्ट परकराच्या नाडीला बांधले. बाबा मात्र कपाटातली पुस्तकं चाळत बसले, कोणती न्यावीत म्हणून. पुरुषांचं हे असंच.

दुपारपर्यंत लष्कराने रेडिओ केंद्र परत घेतलं आणि मोई बोलले. मग संचारबंदी. शंभराहून जास्त माणसं मेली होती. मोईंनी अख्खं हवाई दलच बरखास्त केलं. विद्यापीठ वर्षभराहून अधिक बंद राहिलं. ओचुका टांझानियात पळाला होता. त्याला परत आणून १९८७ मध्ये फाशी दिलं.

काकींनी त्या दिवशी भरलेली बॅग पुन्हा उघडलीच नाही. पुढच्या वर्षी त्या कॅनडाला गेल्या.