मामाजी, झोपवून टाक म्हणू नका

प्रिय मामाजी,

परवा फोनवर हर्नियाच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही म्हणालात, "मले पुरं झोपवून टाक बाप्पा, काई दिसूच नोको देऊ." मी हसले खरी, पण त्या रात्री माझीच झोप उडाली. आपल्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो, त्या हक्कानं रागावते आहे. मी भूल देणारी डॉक्टर आहे, हेही ध्यानात असू द्या.

हर्निया लहानच आहे, कबूल. पण मी आधी पाहते तो माणसाचा दम. तुमची तीस वर्षं अकोल्याच्या जिनिंगात रुईच्या धुळीत गेली, वर बिडी, घरी पऱ्हाटीची चूल. मागं अमरावतीला आलात तेव्हा अंबादेवीच्या देवळापर्यंत दोनदा थांबलात. थांबून दुकानातली भांडी पाहत होतात. तुम्हाला भांडी घ्यायची नव्हती, मामाजी.

पूर्ण भूल दिली की फुप्फुसात श्वास सोडल्यावर उरणारी हवा कमी होते, खालचे भाग मिटतात. धडधाकट माणूस ते सोसतो. तुमच्या फुप्फुसात हवा जाते, पण बाहेर पडता पडत नाही. मशीननं घाईनं श्वास दिले तर ती आत कोंडते आणि रक्तदाबही पडतो. घशात घातलेल्या नळीनं नाजूक श्वासनलिका आवळू शकतात. शुद्धीवर आल्यावर दुखतं म्हणून खोकला दाबला जातो, कफ तिथंच साचतो. कधी व्हेंटिलेटर काढणंच अवघड होऊन बसतं.

म्हणून तुमच्यासाठी कमरेतलं इंजेक्शन किंवा नुसती जागा बधिर करणं बरं. तेही अगदी निर्धोक नाही: बधिरता वर चढली तर खोकायचे स्नायूच ढिले पडतात. आणि खोकला आवरला नाही, तर शिवलेला हर्निया पुन्हा बाहेर येईल तो वेगळाच.

भूल देताना श्वास जपावा की हृदय, हे भांडण जुनं आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं तेव्हा, 1888 आणि 1889 मध्ये, हैदराबादला क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. त्यांनी सांगितलं, आधी श्वास थांबतो, मग हृदय. पुढं हृदयही एकाएकी थांबू शकतं हे सिद्ध झालं. पण भूल देताना श्वासावरून नजर हटवू नका, ही त्या आयोगांमागच्या सर्जन लॉरींची ताकीद आम्ही आजही पाळतो.

बिडी आजपासून बंद. निदान चार आठवडे, आठ झाले तर फार बरं. तारीख पुढं ढकलू. चार दिवस सोडून "सोडली" म्हणून सांगू नका. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र पाठवते आहे. ते फुंकायचं नाही, हवा आत ओढायची. नातवंडांकडून शिकून घ्या. तुमचा श्वासाचा पंप ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घ्यायचा. दम लागू नये म्हणून रात्री किती उशा लागतात, ते मामीला खरं सांगू द्या.

जुने एक्स-रे घेऊन सोमवारी या. बडनेऱ्याला उतरलात की बाकावर बसून राहा, पूल चढू नका. मी येते.

तुमची भाची