मातीला धावफलक नसतो

गावच्या पैलवानाचं विकिपीडियावर पान असावं का, हा प्रश्न बहुतेक वेळा सत्काराच्या मांडवातून येतो. ‘एवढा मोठा माणूस, आणि साधी नोंद नाही?’ असं विचारणाऱ्याला शाल आणि श्रीफळ यांच्या जोडीला तिसरी वस्तू म्हणून पान हवं असतं. नोंदी लिहिण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांना ही मागणी लांबूनच ओळखू येते, आणि ती नाकारण्यात आम्ही जरा जास्तच रमतो. उल्लेखनीयतेच्या निकषाला मोठेपणाशी काही देणंघेणं नाही. ज्याचा या माणसाशी कसलाच संबंध नाही अशा कुणी आपणहून त्याच्यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं आहे का, एवढंच तो विचारतो. खेळाडूंना मात्र यातून बरीच वर्षं पळवाट होती. एक प्रथम श्रेणी सामना खेळला की इंग्रजी विकिपीडियावर क्रिकेटपटूचं पान बिनबोभाट टिके. धावफलक समोर ठेवून अशी पानं पाडणारे कारखानेच निघाले. ज्याचं पूर्ण नावही ठाऊक नाही त्याचंही चरित्र तयार. २०२२ मध्ये ही सवलत गेली. ते योग्यच झालं, पण त्यामुळे आमच्या कामातली खरी अडचण उघडी पडली.

ती अडचण मातीतली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ला गाठायला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर कधी कसोटी खेळले नाहीत, तरी त्यांच्या नोंदीवर कुणी बोट ठेवत नाही, कारण धावफलक शिल्लक आहे. आता त्याच काळातली खासबाग मैदानातली एखादी मोठी कुस्ती घ्या. कुणी कुणाला चितपट केलं ते सांगतील. कोणत्या डावावर, किती मिनिटांत, हे विचारलं की तालमीगणिक उत्तर बदलतं. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले, म्हणजे ही विद्या लिहून ठेवता येत नव्हती असं नाही. पण यात्रेतल्या फडात हलगी थांबली की निकाल लोकांच्या तोंडीच राहतो.

मग हाती काय येतं? कात्रणं, स्मरणिका, गौरवग्रंथ. इथेच घोडं अडतं. जिल्हा आवृत्तीत मैदानाचं वर्णन लिहिणारा बातमीदार पुष्कळदा त्याच तालमीत घुमलेला असतो, आणि गौरवग्रंथाचा संपादक सत्कार समितीचा चिटणीस. यातलं स्वतंत्र कशाला म्हणायचं? सगळंच बाद केलं तर कुस्तीला इतिहासच उरत नाही. सगळंच घेतलं तर प्रत्येक पैलवान अजिंक्य ठरतो. यावर एकच कामचलाऊ कसोटी सापडते: मजकुरात नायकाचा एक तरी पराभव आहे का? हार लिहिणारा माणूस निदान नायकाच्या खांद्यावर बसलेला नाही. ही कसोटीही पुरती पक्की नाही. चाणाक्ष भक्त एखादी बरोबरीत सुटलेली कुस्ती मुद्दाम पेरतो, पंचाला दोष देतो आणि प्रामाणिकपणाचा आव आणतो. म्हणून गौरवग्रंथातून तारीख घ्यावी, विशेषण घेऊ नये. आणि तारीखसुद्धा दुसऱ्या गावच्या कागदावर ताडून घ्यावी, कारण हरलेल्याच्या गावातही कुणीतरी काही लिहिलेलं असतं.

यापेक्षा सरकारी पुरस्कार हाच निकष धरा, असं सुचवणारे असतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, १९८४ मध्ये ते गेले, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवलं. पद्मश्री २०१८ ची. पुरस्कारावर विसंबलो असतो तर या दोघांसाठी किती दशकं थांबावं लागलं असतं ते दिसतंच आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: लेखणी शहराकडे आणि कॅमेऱ्याकडे वळते, तेव्हा लिखित पुराव्याचा आग्रह म्हणजे जुनाच पंक्तिप्रपंच. हे खरं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या संघांनी तो जिंकला आणि खो-खोपटू देशभर दिसू लागले. आधीच्या पिढ्यांचे पाय काही कमी चपळ नव्हते. पण यावरचा उपाय कोशात नाही. कोश वरातीत सर्वांच्या मागून चालणारा असतो. पुढच्यांनी वाट काढली नाही तर त्याने कुठे जायचं? ज्याला तळमळ आहे त्याने आधी वस्तादांची मुलाखत घेऊन ती छापावी, यात्रेची जुनी पत्रकं ग्रंथालयात द्यावीत. नोंद त्यानंतर.

तोवर यादीत एक ओळ किंवा गावाच्या लेखात एक परिच्छेद पुरे. ही दुय्यम वागणूक नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला पंधरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. तो आकडा विक्रमांच्या यादीत असायलाच हवा. पण तेवढ्यावर चरित्राचं पान उभारलं की पुढचं सगळं आयुष्य त्या आकड्याची तळटीप ठरतं. काही माणसांना पान न देण्यातच माया असते.

एवढं सगळं मांडूनही एक गोष्ट टोचतेच. तपासणाऱ्याच्या खुर्चीत पंच झाल्याची धुंदी असते. ‘संदर्भ द्या’ एवढे दोन शब्द टंकून पैलवानाला आखाड्याबाहेर काढता येतं, अंगाला मातीचा कण न लागता. आणि आपण सुरू केलेलं पान कुणी वगळायला काढलं की हेच निकष एकाएकी जाचक वाटतात. मग आम्हीही कात्रणं शोधत सुटतो, अगदी त्या सत्कार समितीच्या चिटणीसासारखे.