मॉल्व्हर्नच्या पायथ्याची पेढी

इंग्लंडच्या पश्चिमेस वूस्टरशायर परगण्यात मॉल्व्हर्न डोंगरांची चिंचोळी रांग आहे. सर्वोच्च शिखर अवघे ४२५ मीटर उंच. परंतु माथ्यावरून पूर्वेस सेव्हर्न नदीचे सपाट खोरे आणि पश्चिमेस हिअरफर्डशायरच्या टेकड्या एकाच वेळी दृष्टीस पडतात. याच डोंगरांच्या पायथ्याशी, पिकर्सले रोडवर, मॉर्गन मोटारींचा लाल विटांचा कारखाना उभा आहे.

हेन्री मॉर्गन यांनी १९०९ मध्ये तीनचाकी गाडीपासून आरंभ केला. १९३६ मध्ये 'फोर-फोर' ही चारचाकी स्पोर्ट्स मोटार आली. पोलादी सांगाड्यावर ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा, ही तिची रचना. सुतारकाम, पत्राकाम, रंगकाम असे विभाग उतारावरील वेगवेगळ्या इमारतींत. अर्धवट झालेली मोटार माणसे हातांनी ढकलीत पुढच्या विभागात नेत.

अशी जुनी मोटार बाळगणे म्हणजे तिची राखण पत्करणे होय. काही जुन्या मॉडेलांत पुढच्या चाकांच्या खांबांना तेल पोहोचावे म्हणून चालकाने पायाने कळ दाबायची असते. आसन जमिनीलगत, स्प्रिंगा कडक. खडक फोडून काढलेल्या वाइच खिंडीतून जाताना रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. विकत घेताना मात्र चकाकत्या रंगावर भिस्त ठेवून चालत नाही. दार खाली झुकलेले असेल, तर आतले लाकूड कुजल्याची शंका घ्यावी. वरचा रंग आणि आतली चौकट यांतील हा भेद हिशेबाच्या वह्या वाचणाऱ्यांस सहज उमगेल.

खरी कसोटी १९९० मध्ये आली. ग्राहकांना गाडीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. आयसीआय या बलाढ्य कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वी-जोन्स यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात उत्पादन वाढवण्याचा आणि पद्धती बदलण्याचा सल्ला दिला. हेन्री यांचे पुत्र पीटर आणि नातू चार्ल्स यांनी तो मानला नाही. मोठी प्रतीक्षायादी हीच मंदीतील ढाल, अशी त्यांची धारणा होती. पुढे सुधारणा झाल्या, पण आपल्या गतीने.

अखेर २०१९ मध्ये बहुसंख्य भागभांडवल एका इटालियन गुंतवणूक समूहाकडे गेले. कुटुंबाकडे अल्प हिस्सा उरला. मालकी पालटली, तरी ॲशचे लाकूड आजही तेथे तासले जाते. वडिलोपार्जित पेढी चालवणाऱ्यांपुढे प्रश्न उरतो तो हाच: वारसा म्हणून पुढच्या पिढीला नेमके काय सोपवायचे, भागभांडवल की कसब?