पावाचे इंग्रजी वंशज

वडापावातला पाव आणि ईस्ट इंडिया कंपनीतली कंपनी हे दोन शब्द एकाच घराण्यातले आहेत! हे वाचल्यापासून जो भेटेल त्याला थांबवून सांगतोय. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणत. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं रूप बदललं आणि त्यांच्याबरोबर तो गोव्याच्या किनाऱ्याला लागून आपला पाव झाला. तोच पानिस फ्रेंचांमार्फत इंग्लंडात शिरला, पण 'कंपॅनियन' या शब्दाच्या पोटात बसून. 'कॉम' म्हणजे सह. ज्याच्यासोबत पाव खायचा तो कंपॅनियन, आणि अशांची जमात ती कंपनी. १६०० साली राणी एलिझाबेथनं लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, तेव्हा त्यांच्या नावात हे सहभोजन आधीपासून होतंच. रेल्वेतली पँट्री कारसुद्धा याच गोतावळ्यातली. पँट्री म्हणजे मुळात पाव ठेवायची खोली!

पण खरा थरार पुढे आहे. लॉर्ड! ज्या शब्दापुढे आपल्या पणजोबांच्या पिढीनं माना तुकवल्या, तो जुन्या इंग्रजीत होता 'हलाफवेअर्द'. हलाफ म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. वेअर्द म्हणजे राखणदार. पावाचा राखणदार, बस्स! शतकानुशतकं जिभेवर झिजत त्याचा लॉर्ड झाला. लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पाटीवर आजही पाव आहे, फक्त दिसत नाही. आणि लेडी? 'हलाफडीगे', म्हणजे पावाची कणीक मळणारी. यातल्या 'डीगे'चं नातं आजच्या 'डो'शी, पिझ्झासाठी मळतात त्या डोशी. त्या डोचं नातं पार संस्कृतातल्या 'दिह्' धातूपर्यंत पोचतं. दिह् म्हणजे लिंपणं, आणि त्यातूनच आपला 'देह' आला. लेडी आणि देह, सख्खे नसले तरी चुलत! हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

धनी पाव राखतो, धनीण मळते, मग खातो कोण? त्यालाही शब्द होता: 'हलाफएता', पाव खाणारा, म्हणजे पदरचा माणूस. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यात तो आहे: साध्या शेतकऱ्याचा हलाफएता मारला, तर भरपाई सहा शिलिंग. आपल्याकडे चाकर धन्याला अन्नदाता म्हणायचा. तिकडे धनी चाकराला पाव खाणारा म्हणत होता. दोन टोकांच्या मुलखांत माणसांची नाती अन्नावरूनच मोजली जात होती! हा शब्द इंग्रजीतून पुसला गेला याची मला मनापासून हळहळ वाटते. लॉर्ड उरला, लेडी उरली, खाणाराच तेवढा गेला.

सध्या 'मीट'च्या मागे लागलोय. एके काळी कुठल्याही खाण्याला मीट म्हणत, म्हणून तर शाळेच्या पुस्तकात आपली शुद्ध शाकाहारी मिठाई 'स्वीटमीट' होती!