वाट्याचं पाणी

आमच्या वाडीत मुलगी द्यायची झाली, की सोयरे आधी पाणवठा किती लांब आहे ते विचारत. १९८३ साली माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. ‘झऱ्याला बारमाही पाणी आहे,’ असं उत्तर मिळालं. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मला खरं काय ते कळलं. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या डोंगरावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. भातखाचरं तुडुंब भरतात, पऱ्ये फुगतात, सगळं पाणी सावित्रीला मिळून समुद्रात जातं. मार्च सरला की त्याच डोंगरावरच्या बायका वाटी-वाटीनं हंडा भरत बसतात. मीही बसले. पहाटे तीनला उठून, कंदील घेऊन.

सासरे लालबागच्या मिलमध्ये होते आणि हे त्याच मिलच्या मेंटेनन्स खात्यात फिटर. दोघंही गावकीच्या खोलीत राहायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संप मिटेल, या भरवशावर आमचं लग्न झालं. संप काही मिटला नाही. महाड-पोलादपूरच्या घराघरांत तेव्हा हीच कथा होती. मुंबईची मनीऑर्डर थांबली आणि चाकरमानी गावी परतले. काही पुन्हा नांगराला लागले, काहींनी पासपोर्ट काढले. १९८४च्या दिवाळीनंतर हे कुवेतला गेले. मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. सुपरवायझर झाल्यावर यांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि १९८७ साली मी मुलाला घेऊन पहिल्यांदा विमानात बसले.

यांचं काम शुऐबाच्या प्रकल्पात होतं. तिथं वीज तयार होते आणि समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतात. खारं पाणी तापवायचं, वाफ धरायची, वाफेचं पुन्हा पाणी करायचं. कुवेतला बारमाही नदीच नाही. आमच्या फ्लॅटचा नळ मात्र चोवीस तास चालू. पहिल्या आठवड्यात मी त्या नळाखाली भांडी घासताना रडले होते. आई अजून हंडा वाहत होती आणि माझ्यासमोर पाणी धो धो वाहत होतं. एकदा मी नळ तसाच सोडून बोलत उभी राहिले. यांनी तो बंद केला आणि म्हणाले, “हे पाणी आकाशातून पडत नाही. तेल जाळून बनवावं लागतं. आमची शिफ्ट चुकली तर उद्या या नळातून हवा येईल.” पाणी ही कुणाच्या तरी कष्टाची वस्तू असते, हे हंडा वाहणाऱ्या मला माहीत होतं. नळ मिळताच मी ते विसरले होते.

मुलगी तिथंच झाली. किराणा दुकानवाला मल्याळी, शेजारी पॅलेस्टिनी, वरच्या मजल्यावर रत्नागिरीचं कोकणी मुसलमान कुटुंब. आम्ही एकमेकांकडे आमटी आणि खुबूस द्यायचो-घ्यायचो. घर घेण्यापुरते पैसे साठले की परत जायचं, असं आमचं ठरलं होतं.

२ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. दोन दिवसांत बँका बंद झाल्या आणि सहा वर्षांची बचत आकड्यापुरती उरली. त्या वर्षीचे गणपती आम्ही खोलीच्या खिडक्या लावून, टाळ न वाजवता बसवले. मूर्ती नव्हती, सुपारी मांडली होती. शेजारच्या पॅलेस्टिनी बाईनं पिठाची अर्धी गोणी आमच्या दारात आणून ठेवली. ती स्वतः आधीच एक देश हरवून आलेली होती. मी नको नको म्हणत होते. तिनं माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सहा कुटुंबांनी मिळून एक बस केली. बसरा, बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द. यांनी एका पिशवीत पासपोर्ट, बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, मुलीच्या जन्माचा दाखला घातला आणि ती पिशवी माझ्या पोटाला कापडानं बांधली. दागिन्यांचा डबा मागे राहिला तरी चालेल, म्हणाले, पण ही सोडू नको. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

सरहद्दीजवळ आम्ही अकरा दिवस तंबूत काढले. हजारो माणसं होती, भारतातली, बांगलादेशातली, श्रीलंकेतली, फिलिपिन्सची. दिवसा अंग भाजायचं, रात्री पोरं थंडीनं कुडकुडायची. पाण्याचा टँकर आला की धावाधाव व्हायची. जो दांडगा त्याचं पाणी. दुसऱ्या दिवशी एक बाळंतीण चेंगरली. तेव्हा आमच्यातल्या दहा-बारा पुरुषांनी हात धरून टँकरभोवती कडं केलं. यांनी वहीत तंबूंचे आकडे लिहिले. आधी लहान मुलं असलेल्या बाया, मग म्हातारे, मग बाकीचे. माणशी एक मग. कुणी कुठल्या राज्याचा, कुठल्या धर्माचा हे विचारायचं नाही. पहिल्या दिवशी शिव्या खाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी टँकरमधलं पाणी उरलं. टँकर तोच होता, माणसंही तेवढीच. फक्त रांग नवी होती. आज वयाच्या साठीनंतर मला कुणी विचारलं की परदेशात काय मिळवलंस, तर मी त्या उरलेल्या पाण्याचं नाव घेते.

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं आम्ही मुंबईला उतरलो. दोन महिन्यांत अशा ४८८ फेऱ्या झाल्या आणि लाखाहून अधिक भारतीय त्या वाटेनं घरी आले. विमानतळावर सासरे उभे होते. यांच्या हातात एक बॅग होती, माझ्या पोटाला ती पिशवी. पोलादपूरला एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. मुलगा पावसात तोंड वर करून उभा राहिला आणि मी त्याला ओढलं नाही.

पुढं संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं कुवेत सोडावं लागलेल्यांना ठरावीक भरपाई दिली. त्यासाठी तिथं राहत होतो याचा पुरावा हवा होता. आमचा अर्ज त्या पिशवीतल्या कागदांवर मंजूर झाला. काही वर्षांनी आलेल्या त्या रकमेतून वाडीतल्या घरावर कौलं चढली. आमच्याच बसमधल्या एका कुटुंबाचे कागद वाटेत गेले होते, त्यांना पुढं फार हेलपाटे पडले. तेव्हापासून आमच्या घरात ती पिशवी कायम भरलेली असते.

१९९३ साली आम्ही मस्कतला गेलो. पुन्हा तेच काम, गुब्राच्या किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोडं करायचं. मी मनानं घाबरलेली होते. ओमाननं ती भीती हळूहळू काढली. जुन्या मस्कतमध्ये महादेवाचं मंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथं उभी राहिले की महाडच्या वीरेश्वराचा छबिना डोळ्यांपुढे यायचा. पावसाळ्यात आम्ही एकदा सलालाला गेलो. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथं धुकं आणि बुरबुर असते, डोंगर हिरवे होतात, रस्त्याकडेला शहाळी आणि केळ्यांचे घड टांगलेले. मुलं गाडीतून ओरडली, “आई, पोलादपूर!”

पण मला ओमाननं जे खरं दिलं ते निझवाच्या बाजूला. तिथं डोंगराच्या पोटातलं किंवा वादीतलं, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातलं, पाणी दगडी पाटानं गावात आणतात. त्याला फलज म्हणतात. शेकडो वर्षांचे पाट आहेत ते. असे पाच फलज २००६मध्ये जागतिक वारसा ठरले. बिरकत अल मौझच्या फलजाकाठी आम्ही एका शुक्रवारी डबा घेऊन बसलो होतो. खजुराच्या सावलीत एका म्हाताऱ्यानं आम्हाला कहवा दिला आणि माझ्या प्रश्नांना हातवारे करून उत्तरं दिली. पाणी गावात शिरतं तिथं पहिलं तोंड पिण्यासाठी. तिथं कुणी हात-पाय धुवायचे नाहीत. मग मशिदीत वजूसाठी, मग आंघोळीच्या जागा, आणि शेवटी बागा. बागांच्या पाळ्या वेळेवर मोजलेल्या. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून मोजायचे, रात्री ताऱ्यांवरून. कुणाचा वाटा किती हे लिहिलेलं असतं. पाटाच्या दुरुस्तीसाठी काही वाटा लिलावात विकतात, आणि या सगळ्याचा कारभार पाहणारा एक माणूस असतो, त्याला तिथं वकील म्हणतात. तिथं पाऊस आमच्या एका आषाढाइतकाही वर्षभरात पडत नाही. तरीही त्या गावात बाया पहाटे तीनला उठत नव्हत्या. मी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाही.

जून २००७मध्ये गोनू चक्रीवादळ आलं. मस्कतच्या लोकांना असल्या पुराची सवय नव्हती, कोरड्या वाद्या पाहता पाहता नद्या झाल्या. मला मात्र महाडचे शेजारी आठवले. सावित्री आणि गांधारी चढू लागल्या की ते काय करतात, ते मी लहानपणी आत्याकडे पाहिलं होतं. आधी धान्य माळ्यावर, मग कागद, मग गाद्या, आणि प्रत्येक भांड्यात पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. मी इमारतीत दार वाजवत फिरले आणि सगळ्यांना घागरी, बादल्या, पातेली भरायला लावली. वादळानं गुब्राचा प्रकल्प बंद पडला. रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि नळाला थेंब नाही, असे कित्येक दिवस गेले. आमच्या इमारतीला भरलेल्या भांड्यांनी तारलं. ती संपत आल्यावर डोंगरातल्या गावाहून एक ओमानी शेतकरी टाकी लादलेली गाडी घेऊन आला. त्यानं पैसे घेतले नाहीत. फलजाच्या मुखाचं पाणी विकायचं नसतं, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या वर्षी आम्ही कायमचे परतलो. महाडात छोटं घर घेतलं, वाडीतलं घर होतंच. घर बदललं तरी पाणी आणि रस्ता यांचा भरवसा नसतो, हे इथंही पुन्हा पुन्हा दिसलं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्याच तारखेला सव्वीस वर्षांपूर्वी आमचं कुवेत गेलं होतं. त्या रात्री नदीकाठी उभ्या असलेल्या, प्रवाशांच्या नातलगांपुढे माझ्या दुःखाचा आकडा फार लहान होता. २२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं दरडी आल्या. पूर ओसरल्यावर महाडच्या गल्ल्यांत गुडघाभर चिखल होता आणि प्यायला पाणी नव्हतं. आमच्या माळ्यावरच्या घागरी सहा घरांना चार दिवस पुरल्या. पिशवी कोरडी होती.

त्या पावसानंतर मी वाडीच्या गावकीत उभी राहिले. बाई गावकीत बोलते म्हणून काही माना फिरल्या. मी फलजाचं सांगितलं. झरा आटतो, कारण वरचं रान तुटलं आणि पाऊस जमिनीत न मुरता वाहून जातो. झऱ्याच्या वर चर खणू, तिथं कुऱ्हाड बंद करू, झऱ्याच्या तोंडाशी दगडी कुंडी बांधून झाकू. पहिलं पाणी पिण्याचं, मग गुरांचं, मग परसातलं. वहीत नाव आणि पाळी. हे सगळ्यांना पटलं. खरा प्रश्न पुढं आला. पहिली पाळी कुणाची?

खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे. तिथल्या बायांनी कायम शेवटी यायचं, उरलं तर भरायचं, हे लग्नापासून मी पाहत आले होते आणि गप्प बसले होते. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आमच्यापासून बसनं तासाभराच्या अंतरावर आहे. मी त्या तळ्यावरून शेकडो वेळा बाजाराला गेले. वाळवंटात टँकरपुढे माझ्या मुलीला पहिला मग मिळाला, तेव्हा तिची जात कुणी विचारली नव्हती. हेच मी गावकीत सांगितलं, आणि म्हटलं, ज्यांना सगळ्यात लांबून चढून यायचं आहे त्यांची पहिली पाळी. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी उठली. “बाय म्हणते ते लिवा वहीत,” म्हणाली.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. दोन वर्षं कुरबुरी चालल्या, एकदा वहीच फाडली गेली. आम्ही नवी आणली. तीन पावसाळ्यांत चर भरून वाहिले, वर किंजळ आणि ऐनाची रोपं धरली. हे आता सत्तरीकडे आलेत. दर रविवारी काठी टेकत जाऊन कुंडीचं झाकण उघडतात, बोटानं पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. जुन्या शिफ्टची सवय.

परदेशी गेलेल्या माझ्या गाववाल्यांना एवढंच सांगते. घराला कौलं चढवा, गाडी घ्या, मुलांना शिकवा. पण तिथल्या माणसांनी थोडक्या पाण्यात गाव कसं जगवलं, तेही बघून या आणि इथं येऊन सांगा. गेल्या मे महिन्यात २६ तारखेपर्यंत आमच्या झऱ्याला पाणी होतं. वहीत त्या दिवशीचं पहिलं नाव खालच्या वाडीतलं आहे.