पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी

घरच्या पाळीव पोपटाची पिसे गळू लागली की प्रथम ऋतुबदलाला दोष दिला जातो. परंतु गळालेल्या पिसाच्या जागी देठाशी आवळलेले, वेडेवाकडे पीस उगवते, चोच वाढून ठिसूळ होते, तडकते. तेव्हा सर्कोव्हायरसची शंका घ्यावी लागते. या विषाणूवर नेमके औषध नाही. पिसांची भुकटी, विष्ठा, आईबापांनी पिलाला भरवलेला घास यांतून तो पसरतो आणि पिंजऱ्याच्या गजांवरही दीर्घकाळ टिकतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, एवढाच दिलासा.

अशा वेळी दयाळू मनाला वाटते, बिचाऱ्याला मोकळ्या आकाशात सोडून द्यावे. या दयेपूर्वी मॉरिशसची हकिगत आठवावी. तेथील एको पोपट जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. १९८० च्या दशकात त्यांची संख्या विसाच्याही खाली गेली होती. कृत्रिम घरटी, पूरक खाद्य, माणसांनी हाताने वाढवलेली पिले, अशा कष्टांनी ती जात सावरली. आणि २००५ मध्ये तिच्यात हाच रोग उफाळला. आपल्याकडचा कंठवाला पोपटही त्या बेटावर आहे. एकोणिसाव्या शतकात माणसानेच त्याला तेथे नेले. हा विषाणू त्याच्यातही सापडला.

शिवाय पिसे झडलेला पक्षी उडणार तरी कसा? त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र वाटी, ऊब हवी. आणि त्याला हाताळलेले हात धुतल्याशिवाय शेजारच्या पिंजऱ्याला लागू नयेत.