खाशाबांची पेन्शन

उद्या १५ जानेवारी. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, म्हणून आपल्या राज्याचा क्रीडा दिन. फोटोला हार पडतील, हेलसिंकीचं नाव निघेल, भाषणं होतील. पदकाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्या पुढच्या ३२ वर्षांबद्दल बोलायचंय.

तरी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कापूरहोळच्या चौकातून सातारच्या दिशेनं निघालं की सरळ कराड, आणि कराडला लागून खाशाबांचं गोळेश्वर. रस्त्यावरचंच गाव. मातीत घडलेला हा पैलवान १९४८ ला लंडनला गेला तेव्हा गादीवरच्या कुस्तीची सवयच नव्हती. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. गादीवर घड्याळ चालतं, पंच निर्णय देतात. तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. सरकारनं हात वर केले. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. ब्राँझ आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक संपली. पुढं काय?

पुढं १९५५ ला खाशाबा पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्नला गुडघ्याच्या दुखापतीनं मुकले आणि ऑलिम्पिकचा विषय तिथंच मिटला. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. पदकवाल्या माणसाला! १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले, तेव्हा वय ५८. हयातीत ना अर्जुन, ना पद्म. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं तेही २०१० ला. नावं द्यायला आपण कधीच कमी पडत नाही म्हणा.

आता काळ बदललाय, हे मान्य. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं, त्याच दिवशी सरकारनं १ कोटी जाहीर केले. रेल्वेत नोकरी होती, तिथंही बढती मिळाली. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. चांगलंच आहे. पण हे सगळं पदक किंवा प्रमाणपत्र हातात असलेल्यांसाठी.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या जत्रांत जी पोरं लंगोट लावतात त्यांचं काय? दहा-बारा वर्षं तालीम, दूध-बदामाचा खुराक, बापानं त्यासाठी विकलेली म्हैस. तिशी आली, गुडघा गेला की कुस्ती बंद. मग कुणी ढाब्यावर, कुणी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला, कुणी नेत्याच्या गाडीत पुढच्या सीटवर. कान मोडलेला असतो, म्हणून माणूस ओळखू येतो, एवढंच. भरतीचं वय निघून गेलेलं असतं, आणि जत्रेच्या फडातल्या कुस्तीचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. शेवटच्या कुस्तीचं इनाम दरवर्षी वाढतंय. माईकवरून आकडा पुकारला की टाळ्या पडतात, देणाऱ्याचं नाव तीनदा घेतलं जातं. त्या आकड्यातले थोडे पैसे बाजूला काढून त्या दिवशी फडात उतरणाऱ्या प्रत्येक पैलवानाचा अपघात विमा उतरवा. पहिल्या रेवड्यांच्या कुस्त्या खेळणाऱ्या पोरांचासुद्धा. हात मोडला तर आज वर्गणी काढायला पळावं लागतं, तेवढं तरी वाचेल. आणि कोण कुणाशी लढला, काय निकाल लागला, याची नोंद एका वहीत ठेवा, सही-शिक्क्यानिशी.

चैत्राच्या जत्रांच्या बैठका आता सुरू होतील. ज्यांच्या गावची यात्रा कमिटी हे करायला तयार असेल त्यांनी मला फोन करा. विम्याचे कागद भरायला मी स्वतः येतो.